चौथऱ्यावरून मोजलेला डोंगर

दोन पावसाळे मी पाटणच्या एका टेलिफोन बूथमध्ये उभा राहून साताऱ्याला डोंगर सांगत होतो. दर आठवड्याला, तोंडानं. कुठला खुंट किती सरकला, किती खचला, कुठला होता तिथंच आहे. पलीकडं साताऱ्याच्या ऑफिसात एक बाई ते ऐकून कॉम्प्युटरवर टाइप करायच्या आणि पडद्यावर तो डोंगर ठिपक्याठिपक्यांनी पुन्हा उभा राहायचा. नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. आज ती सांगितली की लोकांना वाटतं मी थाप मारतोय. वाटू दे.

मी आटपाडी तालुक्यातला. आईबाप अंगठा उठवणारे. घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मी सांगलीला गणित घेऊन बी. एस्सी. झालो, वर कॉम्प्युटरचा कोर्स केला, आणि ही गोष्ट मी कुणी न विचारताही सांगत असे. साताऱ्याच्या एका खासगी मोजणी कंपनीत नोकरी लागली तेव्हा साहेबांनी माझं नावगाव विचारायच्या आधी मी माझी टक्केवारी सांगितली होती. साहेब हसले होते. मला राग आला होता.

काम होतं पाटणच्या वर, डोंगराच्या उतारावरच्या एका वाडीचं. धरण झालं तेव्हा ह्या लोकांचं मूळ गाव पाण्याखाली गेलं. पुनर्वसनाची जमीन सरकारनं लांब दिली होती. काहीजण गेले. उरलेले गुरंढोरं आणि देव घेऊन डोंगर चढले आणि इथं राहिले. आता हाच उतार सुटायला लागला होता. पावसाळ्यात वरच्या अंगाला भेगा पडायच्या, भिंती फुटायच्या. वाडीनं अर्ज केला, आम्हाला इथून हलवा. वरून उत्तर आलं, आधी डोंगर खरंच हलतोय का ते मोजू. म्हणून आमची कंपनी, म्हणून मी.

मी राहायला होतो फौजेतून रिटायर झालेल्या एका हवालदाराकडं. सगळी वाडी त्यांना आबा म्हणायची, मीही म्हणायला लागलो. घरात ते, त्यांची सून आणि नात. मुलगाही फौजेत, त्या वेळी कुठंतरी बर्फात. आबांनी पहिल्याच दिवशी मला समोर बसवून सांगितलं.

"हे बघ गड्या. माझं आता काय न्हाई. पर मी हाय तवर ह्या दोघींना ह्या डोंगरावरनं खाली न्यायचं हाय. पोरगा तिकडं गोळ्या खातोय आन् हितं त्याचं घर घसरतंय, ह्ये मला बघवत न्हाई. तुझं यंतर काय म्हंतंय त्येवर हाय सगळं."

"यंत्र खोटं बोलत न्हाई, आबा," मी म्हणालो.

"माणसं बोलत्यात," ते म्हणाले. "म्हणून इचारतो. जमीन तुमच्याकडंच देणार म्हंत्यात. आटपाडीकडं. तकडं पाऊस कसा?"

"पडत न्हाई."

"लय बेस," आबा म्हणाले. "हितं पाऊसच ढकलतोय आमाला."

ते चेष्टेनं बोलत नव्हते. मला आमचं माळरान माहीत होतं, कुसळं आणि दगड. ह्या माणसांना तेसुद्धा हवं होतं.

मोजणीचं असं की डोंगरावर ओळींनी लोखंडी खुंट ठोकायचे आणि एका पक्क्या जागी यंत्र मांडून प्रत्येक खुंटाचे तीन आकडे घ्यायचे: पूर्वेला किती, उत्तरेला किती, उंची किती. ती पक्की जागा म्हणजे आपलं शून्य. सगळं तिथून धरायचं. खरं तर शून्य वाडीच्या बाहेर, वरच्या कड्यापलीकडच्या अखंड कातळावर हवं होतं. पण तिथं पावसाळ्यात ढग उतरले की हातभर दिसत नाही, आणि यंत्र घेऊन ती चढण चढायची म्हणजे अर्धा दिवस जायचा. शिवाय दुसरी अडचण. आम्ही ठोकलेल्या खुणा टिकत नव्हत्या. म्हशी उपटायच्या, कुणी खुंटाला शेळी बांधायचं, एक खुंट तर मला चुलीपाशी तवा टेकवायला लावलेला सापडला.

साहेब साताऱ्याहून पाहणीला आले. त्यांनी सगळी वाडी हिंडून पाहिली आणि देवळापाशी थांबले. देऊळ म्हणजे चार खांब आणि पत्रा, पण खाली घडीव दगडांचा रुंद चौथरा. वाडीची बांधाबांध झाली तेव्हा सगळ्यात आधी तो बांधला होता. साहेबांनी चपला काढल्या, वर चढले, पायानं दगड ठोकून पाहिले.

"इथं," ते म्हणाले. "इथल्या खुणेला कुणी हात लावणार नाही."

आणि ते शंभर टक्के खरं होतं. गुरवानं नारळ फोडला, आम्ही चौथऱ्यावर पितळी खूण बसवली. बायका जाता येता तिला हळदीकुंकू लावायला लागल्या. माझ्या आयुष्यात एवढी जपलेली मोजणीची खूण मी पुन्हा पाहिली नाही. दिशा धरायला समोरच्या डोंगरावरच्या देवळाचा कळस होता, लांब, दरीपलीकडं. एका देवावर यंत्र, दुसऱ्या देवावर नजर.

यंत्राचा किरण परत धाडायला खुंटावर आरशाची काठी धरून उभं राहायला माणूस लागतो. ते काम आबांच्या सुनेनं घेतलं. मी तिला वैनी म्हणायचो. डोक्यावर इरलं, हातात काठी, आणि तोंड सतत चालू.

"भावजी, शिकून शिकून ह्येच शिकलासा व्हय? बायकांना उनात हुबं करायचं?"

"ऊन कुठाय वैनी, धुकं हाय."

"मंग धुक्यात हुबं करायचं."

आकडे मिळाले तरी ते साताऱ्याला पोचवायचे कसे हा खरा प्रश्न होता. यंत्राच्या पोटात एका आठवड्याचंच मावायचं, पुढच्या वेळी पुसून टाकावं लागायचं. पाटणला बूथ होता. पण पावसाळ्यात लाईन अशी की बोलता बोलता मरायची. आणि खुंट किती, प्रत्येकाचे तीन आकडे, प्रत्येक आकडा लांबलचक. पहिल्या वेळी मी सगळं वाचून दाखवायला गेलो तेव्हा मागं रांग लागली. फौजेतल्या पोरांच्या आया ताटकळत उभ्या. एक म्हातारा आत डोकावून म्हणाला, "कवाधरनं आकडं सांगतुया ह्यो. मटक्याचं हाय काय रं? मला बी एक दे की." सगळी रांग हसली. मी लाल झालो. बी. एस्सी. झालेला माणूस मी, आणि मला मटकेवाला म्हणतात.

त्या रागातून मी माझी पद्धत काढली. आजही म्हणतो, पद्धत चांगली होती.

डोंगर काही दर आठवड्याला नाचत नाही. बहुतेक खुंट मागं होते तिथंच असतात. मग तेच तेच कशाला सांगायचं? पहिल्यांदा सगळे आकडे एकदा लिहून टपालानं पाठवले. पुढं फक्त फरक सांगायचा. ज्याचा फरक नाही त्याचं नावही घ्यायचं नाही. त्याच्या पुढची युक्ती: शेजारशेजारचे खुंट जोडीनं सरकतात, म्हणून ओळींना नावं दिली. पाण्याची ओळ, चिंचेची ओळ, गोठ्याची ओळ, अगदी वर कड्याची ओळ. आख्ख्या ओळीला एकच फरक सांगायचा आणि ओळीतून जो फुटला त्याचा वेगळा. आणि नखाएवढा फरक आला तर तो धरायचाच नाही, तो हाताचा आणि यंत्राचा असतो. एका सुट्टीच्या दिवशी, ऑफिसात कुणी नसताना, साताऱ्याच्या कॉम्प्युटरवर मी स्वतः एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. बाईंनी एवढंसं टाइप केलं की तो जुना डोंगर काढायचा, त्यात फरक मिळवायचा आणि नवा डोंगर मांडायचा. अर्ध्या तासाचं बोलणं चहा निवायच्या आत संपायला लागलं. पुढं कळलं की हलत्या बिंदूंच्या आकड्यांचे मोठमोठे ढीग लहान करायला शहाणे लोक जगभर ह्याच वाटेनं जातात. मला कुणी शिकवलं नव्हतं. मी ते बूथमध्ये शिव्या खात काढलं होतं.

बाई साताऱ्याच्या, शुद्ध बोलणाऱ्या. त्या मला नावानं हाक मारायच्याच नाहीत.

"बोला पाटण."

"सातारा, घ्या. पाण्याची ओळ जैसे थे. चिंचेची ओळ जैसे थे, चौथा सोडून. चौथा खाली एक बोट."

"खचला का बिचारा?"

"म्हैस बसली असंल."

"मग फरक कुणाचा लिहू, डोंगराचा की म्हशीचा?"

"बाकी जैसे थे," मी म्हणायचो आणि रांगेतल्या आया निःश्वास सोडायच्या.

घरी हे आबांना सांगितलं तर ते खूश झाले. परेडमध्ये कुणाचा पाय चुकला की उस्ताद ओरडायचा, जैसे थे. मग सगळ्यांनी पुन्हा पहिल्यासारखं उभं राहायचं. "पर गड्या," आबा म्हणाले, "तितं जरा तरी हालल्याबिगर जैसे थे म्हंत न्हाईत." मी हसलो. ते रंधा घेऊन दाराला लागले होते. त्यांचं पुढचं दार दर पावसाळ्यात चौकटीत अडकायचं आणि ते थोडं थोडं तासायचे. मी साहेबांना ते दार दाखवलं होतं. साहेब म्हणाले होते, पावसात लाकूड फुगतं. ते बरोबरच होतं, फुगतंच.

दुसऱ्या पावसाळ्यात कड्याची ओळ वेडंवाकडं दाखवायला लागली. ही सगळ्यात वरची ओळ, भेगेच्याही वर. वैनीला तिथं जाताना भेग ओलांडून जावं लागायचं आणि ती मला वरूनच ओरडून शिव्या द्यायची. बाकी ओळी जैसे थे आणि कड्याची ओळ वर. खाली नाही, वर. आधी दोन बोटं, मग तीन, मग चार.

"कड्याची ओळ वर चार बोटं," मी फोनवर म्हणालो.

"वर?" बाई म्हणाल्या. "डोंगर चढायला लागला की काय? थांबा, साहेबांना देते."

साहेब समजुतीनं बोलले. चिडले असते तर बरं झालं असतं. "अहो, दगड वर चढतो का कधी? त्या बाई घसरणीवर उभ्या राहून काठी तिरकी धरत असतील. दर वेळी ती ओळ वेगळी सांगावी लागते, तुमचाही फोन लांबतो. ती ओळ काढूनच टाका. ते खुंट गोठ्याच्या खाली ठोका, तिथं कमी आहेत."

मला ते पटलं. माझ्या गणितात जो बिंदू शेजाऱ्यांच्या चालीनं चालत नाही तो संशयाचा. मी स्वतः पहार घेऊन वर गेलो आणि कड्याची ओळ उपटली. साताऱ्यात बाईंनी ती प्रोग्रॅममधून पुसली. त्या आठवड्यापासून माझा सगळा निरोप दोन शब्दांवर आला.

वैनी मात्र म्हणाली, "काठी मी सरळ धरत होते, भावजी."

पाऊस संपला. दसऱ्याच्या आधी वाडीनं देवाला कौल लावायचं ठरवलं. जमीन मिळो न मिळो, देवानं होकार दिल्याशिवाय कुणी घर सोडणार नव्हतं. मूळ गावातून निघतानाही असाच कौल लावला होता. गुरवानं देवाच्या ओल्या दगडावर उजव्या डाव्या अंगाला फुलाच्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर जायचं. सगळी वाडी श्वास धरून उभी. आबांनी टोपी काढून हातात घेतली होती. मी चौथऱ्याच्या कडेला, पितळी खुणेपाशी बसलो होतो.

पाकळी सुटली. ओल्या दगडावरून सावकाश घसरत खाली आली. उजवी. बायका रडायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, "देव जायाला तयार हाय."

सगळ्यांचे डोळे पाकळीवर होते. दगडाकडं कुणी बघत नव्हतं, कारण दगड हलत नाही हे प्रत्येकानं धरलेलंच होतं. आणि बसल्या जागी माझा हात पितळी खुणेवर गेला. आपणही धरलं होतं. चौथरा शून्य. पण चौथराच खाली निघाला असेल तर? त्याच्याबरोबर निघालेली घरं, गोठे, चिंच, सगळे खुंट त्याच्यापासून तेवढ्याच अंतरावर राहणार. ते सगळे जैसे थे दिसणार. आणि भेगेच्या वर जे खरोखर जागेवर आहे, ते वर चढताना दिसणार. लांबचा कळस एवढा लांब की आपण हातभर सरकलो तरी त्याला पत्ता नाही. म्हणजे भेगेखालचा सगळा उतार, देवासकट, एकाच तुकड्यात खाली चालला होता. ते सांगणारी एकच ओळ होती, आणि ती आम्ही उपटली होती.

मी दुसऱ्या दिवशी साताऱ्याला गेलो. साहेबांच्या टेबलावर कागद ठेवून चित्र काढलं. साहेब हुशार माणूस, अर्ध्या चित्रातच त्यांना कळलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"तुमचं बरोबर असणार," ते म्हणाले. "पण दाखवायचं काय? वरचे खुंट नाहीत. टपालानं आलेला कागद पहिल्या आठवड्याचा, पुढचे फरक पुसले."

"माझ्या ध्यानात आहेत."

"ध्यानातलं कोण घेतं?"

"नव्यानं मोजू. पलीकडच्या कातळावरून."

"मोजू. आज मोजलं तर आज वाडी कुठं आहे ते कळेल. काल कुठं होती ते कशावरून काढणार? हालचाल दाखवायला अजून दोन पावसाळे लागतील. आणि आपलं काम संपलं. यंत्र म्हसवडकडं निघालंय, कालव्याला."

"अहवाल थांबवा मग."

"गेला."

शेजारच्या खोलीत बाई बसल्या होत्या. इतके दिवस फक्त आवाज ऐकलेला, त्यांना मी प्रत्यक्ष बघितलं ते त्या दिवशी. त्यांनी पडद्यावर डोंगर काढून दाखवला. काळ्यावर हिरवे ठिपके. एकामागून एक आठवडे दाबत गेल्या, आणि ठिपके तसूभरही हलले नाहीत. इतकं स्वच्छ, इतकं नेटकं काम मी आयुष्यात दुसरं केलं नाही.

"पाटण," त्या हळू म्हणाल्या, "ती वरची ओळ मी तरी ठेवायला हवी होती का हो?"

दोष पद्धतीचा नव्हता आणि त्यांचाही नव्हता. शून्य कुठं धरलं, सगळं तिथं अडलं होतं. पण हे कुणाला सांगून उपयोग?

आबांना सांगणं भाग होतं. ते ओट्यावर बसले होते. मी जमिनीवर काडीनं रेघा ओढून सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हंजी देव बी हाललाय?"

"व्हय आबा."

"आमच्याबरुबर?"

"सगळ्यांबरुबर."

त्यांनी रेघा पायानं पुसल्या. "तकडनं आमी त्याला हालवून आणला. आता त्यो आपला आपण निघालाय. आन् कागदावर?"

"कागदावर जागेवरच."

"मंग आमी बी जागेवर," आबा म्हणाले. आत चुलीपाशी वैनी ऐकत होती. तोंड सतत चालू असलेली बाई, ती नुसती चूल फुंकत राहिली, ते मला जास्त लागलं.

उत्तर यथावकाश आलं. नोंद घेण्याजोगी हालचाल आढळत नाही. आबा तालुक्याला गेले, जिल्ह्याला गेले, छातीवर पदकं लावून गेले. मीही दोनदा बरोबर गेलो. तिथला माणूस वाईट नव्हता. त्यानं अहवाल उघडून माझीच पानं मला दाखवली. इतकं नीट मोजलंय, म्हणाला, आणखी काय पाहिजे? मी बी. एस्सी. असल्याचं त्याला सांगितलं नाही. माझ्या आठवणीत पहिल्यांदाच.

ती नोकरी सोडून मी सांगलीला आलो आणि कॉम्प्युटर क्लास काढला. पोरांना मोठी फाईल लहान कशी करतात ते शिकवतो आणि बरं शिकवतो. फक्त एक करतो. फरक काढायला सांगितल्यावर आधी विचारतो, कशापासून फरक? पोरांना तो प्रश्न बावळट वाटतो.

शेवटचं वाडीला गेलो ते ऐन वैशाखात. डोंगर तडतडत होता, गवताची काडी हिरवी नव्हती. आबांचा मुलगा पेन्शन घेऊन आला होता आणि महिन्याच्या आत बायकोपोरीला घेऊन पुण्याला एका गेटवर रखवालदारीला गेला होता. आबांना चल म्हणाला होता. आबा म्हणाले, देवाला सोडून कुठं येऊ. मला वाटतं, त्यांना तिथल्या एका खोलीत चौथं माणूस व्हायचं नव्हतं. दोघींना खाली न्यायचं होतं ते झालं, पण कुणी दिलेल्या जमिनीवर नाही, स्वतःच्या घरात नाही, आणि त्यांच्याबरोबर नाही. अर्धी घरं कुलूपबंद. चौथऱ्यावरची पितळी खूण हळदीकुंकवात दिसेनाशी झालेली. वर भेग आता अशी होती की ओलांडायला उडी मारावी लागली.

खाली आलो तर आबा दारापाशी रंधा घेऊन बसलेले. दार इतक्यांदा तासलं होतं की वरच्या अंगाला फट पडून उजेड यायचा. तरी खालून ते चौकटीत रुतलेलंच.

"आलास? धर जरा," ते म्हणाले. "एकट्यानं हलतंय सालं."

मी दोन्ही हातांनी दार धरलं. ते रंधा मारायला लागले. भुशासारखी कोरडी ढलपी पायांवर पडत होती. वैशाखात लाकूड फुगत नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी दार घट्ट धरून उभा राहिलो.